नक्कल झाली, धन्यवाद

माझ्या कार्डावर 'सर्व्हिस इंजिनियर' असं छापलेलं होतं, पण नागपुरात रामदासपेठेपासून हिंगण्यापर्यंत लोक मला 'पडदेवाला' म्हणायचे. एका गृहस्थांनी तर मी नाटकाचे पडदे रंगवतो असं समजून गणेशोत्सवासाठी माझ्याकडे महालाचा देखावा मागितला होता. त्यांचं फार चुकलं होतं असंही नाही. मी पडदेच रंगवायचो, फक्त ते कॉम्प्युटरचे असायचे.

संपादकांनी 'त्या काळातल्या गमती लिहा' असं कळवलं. गमती आहेत, त्या लिहितो. पण एक गोष्ट अशी आहे की ती वगळून बाकीच्या लिहिल्या तर हा लेखही माझ्या पडद्यांसारखाच होईल, समोरून छान आणि मागे काही नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची चार-पाच वर्षं. आज तुमचा कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा समोर नातवाचा फोटो येतो, नाहीतर हिमालय. तेव्हा यायचा तो काळा अंधार. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर, दोन टिंबं, एक कंस आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. पुढे काय करायचं ते यंत्र सांगत नसे. मोठमोठे साहेब त्या रेघेपुढे हात मागे बांधून उभे राहायचे. कॉम्प्युटरची खोली म्हणजे ऑफिसातलं देवघर, चपला बाहेर काढून आत जायचं. एसी फक्त त्याच खोलीत असायचा, त्यामुळे मे महिन्यात तिथे भक्तांची गर्दी फार.

आमची कंपनी रामदासपेठेत, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. यंत्रं विकायची आणि ती बिघडली की दुरुस्त करायची, हा धंदा. मी दुरुस्तीवाला. प्रिंटरची फीत बदलणं, कळफलकातून झुरळं काढणं, फ्लॉपी इस्त्रीच्या कपड्यांत दाबून ठेवू नये हे समजावून सांगणं, अशी माझी कामं.

पडद्यांची सुरुवात सावनेरकडच्या एका खाणीच्या ऑफिसात झाली. तिथले हेडक्लार्क ठाकरे यंत्राकडे पाहून म्हणाले, "दिवसभर आमी कोळसाच पाह्यतो. आता याच्यातही काळंच काळं? हे काहून असं, भाऊ?"

मी गमतीगमतीत एक दुहेरी चौकट काढली, मधे 'नमस्कार' लिहिलं आणि खाली 'पगारपत्रकासाठी एक दाबा, साठ्यासाठी दोन दाबा' असं घातलं. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर ठाकरे रोज सकाळी यंत्र सुरू करून त्या नमस्काराला उलट नमस्कार करत असल्याचं कळलं. यंत्राची भीती गेली होती. तेव्हा मला वाटलं, आपल्याला काहीतरी सापडलंय.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाच्या पडद्यावर आडव्या ऐंशी आणि उभ्या पंचवीस चौकटी असायच्या. एका चौकटीत एकच अक्षर बसायचं, नाहीतर एक भरीव ठोकळा, अर्धा ठोकळा किंवा रेघेचा तुकडा. एवढ्याच विटांनी सगळं बांधायचं. मी शाळकरी मुलांची आलेखवही घेऊन तिच्यावर आधी पेन्सिलीनं रंगवायचो. मोठी देवनागरी अक्षरंही त्याच ठोकळ्यांतून जुळवायचो. शिरोरेघ सोपी होती, 'ग' आणि 'म' सरळ चालीची माणसं, पण 'श' आणि 'ळ' यांनी माझा जीव काढला. चित्र झालं की ते एका फाइलीत ठेवायचं. यंत्र जागं झाल्यावर सगळ्यात आधी एक चिठ्ठी वाचतं, सकाळी उठून काय काय करायचं याची. त्या चिठ्ठीत 'हे चित्र दाखव' असं लिहून दिलं की झालं.

मग गिऱ्हाइकं वाढली. हिंगण्याच्या एका कारखानदाराला शेजारच्या कारखान्यापेक्षा दोन चौकटी मोठं नाव हवं होतं, आणि ते मोजायला तो स्वतः शेजारी जाऊन आला. सावनेरच्या कापसाच्या व्यापाऱ्यानं लक्ष्मीची पावलं मागितली. तीन दिवस खपून मी ती काढली. शेठजींनी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाप्पा, हे तं बाहेर जाऊन राहिली!"

पडद्यावर आत म्हणजे कुठे आणि बाहेर म्हणजे कुठे, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी टाचा माणसाकडे आणि बोटं यंत्राकडे असं ठरलं, आणि लक्ष्मी उलटी वळवली.

लोक एकमेकांचे पडदे पाहायचे आणि मागायचे. मी फ्लॉपीवर नक्कल करून देऊन टाकायचो. त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. 'अरे, तुझा पडदा वर्ध्यात पाहिला', 'तुझा पडदा भंडाऱ्याला पोचला', हे ऐकण्यातच माझं पोट भरायचं. प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव असायचं, 'रचना: देशकर'. वर्ध्याच्या एका दुकानदारानं ते खोडून स्वतःचं घातलं तेव्हा मी एसटीनं वर्ध्याला जाऊन त्याच्याशी भांडून आलो होतो. माझं नाव माझ्या कामावर राहिलंच पाहिजे, असं चार माणसांसमोर ओरडलो होतो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

रामदासपेठेतच एक खासगी रक्तपेढी होती. डॉक्टर हुशार आणि कामसू, पण दिखाव्याची हौस असलेले. त्यांच्याकडे आम्ही एक यंत्र बसवलं होतं. त्यात रक्तदात्यांची यादी होती, नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं, निरोप कुठे द्यायचा. फोन फार थोड्यांकडे होते, त्यामुळे 'समोरच्या किराणा दुकानात सांगावे', 'विहारातल्या भंतेजींकडे निरोप ठेवावा' असंही लिहिलेलं असायचं. ही यादी सांभाळायची सुजाता रामटेके. वय पंचवीस-सव्वीस, वडील गिरणीत कामाला होते. डॉक्टरांनी तिला टायपिस्ट म्हणून घेतलं होतं, दर महिन्याला मुदत वाढवायची अशी कच्ची नोकरी. यंत्र आलं तेव्हा ते शिकायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ती शिकली.

यादीतली नऊशे नावं तिनं जवळजवळ एकटीनं जमवली होती. कॉलेजांत, वस्तीतल्या विहारांत, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत टेबल मांडून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची, "भाऊ, रक्तगट माहीत आहे का तुमाले? नसन तं तपासून देतो ना."

यंत्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी नेऊन, शब्दकोश शेजारी ठेवून तिनं वाचलं होतं. सुरुवातीची चिठ्ठी तिनं स्वतःच लिहिली होती. यंत्र सुरू झालं की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, 'फ्लॉपी लावा आणि कळ दाबा'. फ्लॉपी लावल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नसे. मग फ्लॉपीचा लाल दिवा लागायचा, घरघर व्हायची, फाइलींची नावं भराभरा वर सरकायची आणि सगळ्या यादीची नक्कल फ्लॉपीवर उतरायची. त्यानंतर काम सुरू. दोन फ्लॉप्या होत्या, एक आज, एक उद्या.

मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि म्हणालो, "सुजाताबाई, काय हो हे? किती रुक्ष!"

ती हसली. "सर, मले तुमच्यासारखं नाही जमत. पण याद राहते."

पेढीच्या नव्या खोलीचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. डॉक्टरांनी जुनं यंत्र बदल्यात देऊन रंगीत पडद्याचं यंत्र घेतलं, यादी त्यात उतरवून घेतली आणि मला बोलावलं. "देशकर, असं काहीतरी करा की पाहुणे बघत राहिले पाहिजेत."

माझ्या हातात पहिल्यांदा रंग आले होते. मी रक्ताचा लाल थेंब काढला. तीन चित्रं एकामागून एक दाखवली की तो वरून खाली पडायचा आणि त्यातून पेढीचं नाव उमलायचं. त्याखाली चार पर्याय, नवीन दाता, शोध, छपाई, नक्कल. पहिले तीन लिहून झाले. चौथा राहिला. सुजाताबाईच्या चिठ्ठीतली ओळ उचलून तिथे ठेवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तसं केलं की माझ्या सुंदर पडद्यावरून फाइलींची ती पांढरी नावं धावली असती. मला ते नको होतं. काहीतरी देखणं करू, सावकाश करू, असं ठरवलं. तोवर पाहुण्यांसमोर पर्याय उघडा पडू नये म्हणून चार दाबल्यावर फक्त एक वाक्य येईल अशी सोय केली. हिरव्या चौकटीत, रोमन अक्षरांत: 'नक्कल झाली, धन्यवाद.'

नक्कल होत नव्हती. फक्त झाली असं म्हटलं जात होतं.

उद्घाटन थाटात झालं. पाहुण्यांनी स्वतःच्या बोटानं एक, दोन, तीन आणि चार दाबलं. 'धन्यवाद' वाचून ते म्हणाले, "वा, यंत्र सुसंस्कृत आहे!" टाळ्या पडल्या. मागे दोन पाहुणे उभे होते, एक शाळेचे चिटणीस आणि एक पतसंस्थेचे. दोघांनाही असाच पडदा हवा होता, आजच. माझ्या बॅगेत दोनच कोऱ्या फ्लॉप्या होत्या, आणि नवीन आहेत म्हणून त्या सकाळीच मी सुजाताबाईला दिल्या होत्या. तिच्या जुन्या दोन माझ्याकडे आल्या होत्या. मी तिथेच टेबलाशी उभं राहून त्या दोन्ही पुसल्या, त्यांच्यावर माझा थेंब, माझी चौकट, माझं नाव उतरवलं आणि दोघांच्या हातांत दिल्या. त्या फ्लॉप्यांवर रक्तदात्यांची यादी होती. नवीन दोन्ही कोऱ्या होत्या. हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि त्याच क्षणी मी ते विसरलोही. मी इतका खुशीत होतो.

आठेक दिवसांनी तिचा फोन आला.

"सर, चार दाबलं का लगेच 'झाली' म्हणते. पहिले तो लाल दिवा लागत होता, आता लागत नाही."

मी कुठल्याशा पडद्यातला 'श' जुळवत होतो. म्हणालो, "नवीन पद्धत आहे बाई. लवकर होतं."

"अच्छा," ती म्हणाली. "मी रोज फ्लॉपी लावून राहिली, बरं का सर. एक दिवस चुकवली नाही."

मी फोन ठेवला आणि वहीत 'पेढी – चार नंबर' असं लिहिलं. ते पान पुढे उलटलं गेलं. सात-आठ आठवडे गेले.

मे महिन्यात एका सकाळी पेढीतून बोलावणं आलं. यंत्रातून करकर असा आवाज येत होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. त्या आवाजाला आम्ही लोक फार घाबरायचो. आतली तबकडी गेली होती, आणि तिच्यावरचं सगळं. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. सुजाताबाई मात्र शांत होती. तिनं कपाट उघडून दोन फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. पाकिटांवर तिच्या गोल अक्षरांत तारखा होत्या, एकीवर कालची, एकीवर परवाची.

"हे घ्या सर. काही नाही गेलं."

मी पहिली लावली. रिकामी. दुसरी लावली. रिकामी. तोवर मला सगळं आठवलं होतं.

"बाई, यात काही नाही."

"असं कसं? रोज..." तिनं पाकिटावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहातून होता. बाळंतीण, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह हवं, तुमच्याकडे आहे का? पेढीत एकच बाटली होती. डॉक्टर ओरडले, "यादी काढा!" आणि मग त्यांनाच कळलं की यादी नाही.

सुजाताबाईनं डोळे मिटले. ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "तारघरातले पांडेकाका. आणि सीताबर्डीवर तो घड्याळवाला, त्याचा लहान भाऊ." तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली आणि सायकल काढली. नागपूरचं मे महिन्यातलं बाराचं ऊन. पाऊण तासात ती दोघांना घेऊन आली, पांडेकाका रिक्षात आणि घड्याळवाल्याचा भाऊ तिच्या सायकलीच्या मागे स्वतःच्या सायकलवर. बाळंतीण वाचली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं पेढे आणून दिले. ते मीही खाल्ले.

त्या दिवशी तरी डॉक्टर सुजाताबाईवर खूश असतील असं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी पेढीच्या विश्वस्तांनी विचारलं, नऊशे नावं गेली कशी? डॉक्टर मला म्हणाले, "देशकर, नेमकं काय झालं ते एका पानावर लिहून द्या. तुम्ही यातले जाणकार."

मी आधी एक काम केलं. नवीन तबकडी बसवताना चौथा पर्याय नीट लिहिला. तिचीच जुनी ओळ, जशीच्या तशी, खरोखर दोन मिनिटं लागली. आता कोणी तपासलं असतं तरी चार दाबल्यावर लाल दिवा लागला असता आणि नक्कल झाली असती. त्यानंतर मी कागद घेतला. बऱ्याच वेळानं लिहिलं: 'यंत्रणेत दोष आढळला नाही. नक्कल घेण्यात ऑपरेटरकडून हयगय झाल्याचे दिसते.'

'दिसते' हा शब्द मी फार विचार करून घातला होता. पुढे कधी उलटलं तर निसटायला जागा असावी म्हणून.

तो कागद कोणी तपासला नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही. मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी इंजिनियर होतो, गळ्यात टाय होता, आडनाव देशकर होतं. तिची नोकरी कच्ची होती, आणि आडनाव रामटेके होतं. विश्वस्तांपैकी एक जण हलक्या आवाजात म्हणाले, "या लोकांना जबाबदारीचं काम दिलं की असंच होतं." मी ते ऐकलं आणि नजर खाली घातली. माझा कागद हातात नसता तर ते वाक्य त्यांना म्हणता आलं नसतं, हे मला तेव्हाही समजत होतं.

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं आणि पुढच्या महिन्याची मुदत वाढवणार नाही असं सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जड जातं. नोकरी गेलेली ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. डॉक्टरांना म्हणाली, "नावं माझ्या डोक्यात आहेत तोवर लिहून घ्या. दुसऱ्या कोणाले ती सांगता येनार नाही." आठ दिवस ती आली. ती सांगायची, मी टाइप करायचो. आम्ही दोघंच त्या खोलीत, समोर माझा लाल थेंब. ती नाव सांगण्याआधी माणूस सांगायची. "इतवारीतला तो उंच पोरगा, सुई पाहून डोळे झाकते तो, बी पॉझिटिव्ह." "गड्डीगोदामची मास्तरीण, मुलगी गेल्यावर दर तीन महिन्याले येते."

तिसऱ्या दिवशी तिनं मधेच थांबून विचारलं, "सर, एक सांगा. कॉपी काहून नाही झाली? मी तं फ्लॉपी लावतच होती. 'झाली' असंच येत होतं ना?"

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं, त्या जाड पुस्तकातलं समजून घ्यायची तसं. सांगण्यासाठी याहून सोपी वेळ मला पुढे कधीच मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "फ्लॉप्याच खराब असाव्यात. लावल्यावर एकदा उघडून तपासायला हव्या होत्या."

 तिनं मान हलवली. "हाव. ते माझंच चुकलं. तपासाले पाहिजे होत्या मी." आणि लगेच म्हणाली, "लिहा सर, पुढचं नाव लिहा."

सहाशेच्या वर नावं तिनं परत मिळवून दिली. उरलेली तिलाही आठवली नाहीत. त्यांतलं कोणी नंतर कोणाच्या उपयोगी पडलं असतं का, हे कळायला मार्ग नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

पुढे मी पडदे करणं कमी केलं. खिडक्यांचे नवीन प्रोग्रॅम आले, त्यांत रंग आणि चित्रं आयतीच मिळू लागली, त्यामुळे आता पडदेवाल्याची गरज राहिली नाही असं लोकांना वाटलं. मीही तसंच सांगायचो. खरं म्हणजे आलेखवही उघडली की मला ती हिरवी चौकट दिसायची. मला बढती मिळाली. बायकोला ही गोष्ट सांगितली नाही. एकदा डॉक्टरांना सांगायला गेलो होतो, चार वर्षांनी. त्यांनी निम्मं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, किती जुनं काढता! ती मुलगी कुठेतरी लागलीही असेल." त्यांनी मला इतक्या सहज सोडून दिलं की मी पायऱ्या उतरताना रडलो. पण तिच्याकडे गेलो नाही. ती कुठे राहते हे शोधायला फार तर एक दिवस लागला असता.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. सावनेरच्या एका मुलींच्या शाळेला आमच्या कंपनीनं यंत्रं दिली होती. ती नीट चालतात का ते पाहायला मी गेलो. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम फार चांगल्या आहेत, मुलींना जीव लावतात. वर्गाच्या दारात सुजाताबाई उभी होती. केसांत पांढरं दिसत होतं.

"सर! ओळखलं का नाही?" तिला खरोखर आनंद झाला होता. तिनं मला आत नेलं आणि चाळीस मुलींना सांगितलं, "पोरीहो, मी तुमाले पहिल्या दिवशी सांगतलं होतं ना, मी एकदा न तपासता फ्लॉपीवर भरोसा ठेवला आणि नऊशे माणसांची यादी घालवली? तेव्हा हे सर होते. यायनं आठ दिवस बसून माझ्यासंगं ती यादी परत लिहिली. माझी चूक सुधारून देली यायनं."

मुली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नमस्ते सर."

मी तिला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. सगळं सांगितलं. चार नंबर, हिरवी चौकट, पुसलेल्या दोन फ्लॉप्या, तो कागद, त्यातला 'दिसते'. मी भराभर बोलत होतो, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.  माझं संपल्यावर ती मैदानाकडे पाहत राहिली.

"माझा बाप," ती शेवटी म्हणाली, "मरेपर्यंत मले म्हणत होता, बाई, नीट लक्ष देऊन काम करत जा. एकदा घालवली तू नोकरी." मग ती माझ्याकडे वळली. "मी त्याले म्हणत होती, हो बाबा, माझंच चुकलं."

मी काहीतरी बोलायला लागलो. माफी हा शब्द अर्धा बाहेर आला असावा.

"मले नका सांगू," ती म्हणाली. "मी दरवर्षी या पोरीइले खोटं शिकवून राहिली. ते आता तुमीच दुरुस्त करा. या."

ती आत गेली. मी मागोमाग गेलो. ती एका बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसली आणि फळ्यापुढची जागा माझ्यासाठी मोकळी सोडली. मी सांगितलं. व्हरांड्यात सांगितलं त्याहून हळू, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना कळेल असं सांगायचं होतं, आणि त्या वयाच्या मुलींना कळेल असं सांगायला गेलं की 'दिसते' सारखे शब्द वापरता येत नाहीत. मी 'मी खोटं लिहिलं' असं म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

 मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रागानं नव्हे, प्रश्न पडला म्हणून.

"सर, मॅडमले कामावरून काढलं तेव्हा तुमी कुठी होते?"

मी सुजाताबाईकडे पाहिलं. ती बाकावरच्या एका भेगेतून नख फिरवत होती.

"तिथंच," मी म्हणालो. "बाजूच्या खोलीत. दार उघडं होतं. ऐकू येत होतं."

मुलगी खाली बसली.  सुजाताबाई उठली, फळ्याशी आली, माझ्या शेजारून हात पुढे करून तिनं खडू उचलला.

"वह्या काढा," ती मुलींना म्हणाली.

मी दाराशी जाऊन थोडा थांबलो. तिनं फळ्यावर तारीख घातली आणि पाठमोरीच शिकवायला लागली.